अडीच सूत

जर्मनीत असताना मी घरी मोटार बांधली होती, असं बोलण्याच्या ओघात निघालं की लोक खूश होतात. फोटो आहे का, विचारतात. आहे. पण मी तो दाखवत नाही, आणि का दाखवत नाही तेही आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघंही आता हयात नाहीत, म्हणजे आता सांगण्यात शौर्य काहीच उरलेलं नाही. तरी सांगतो.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. पुण्यात मेकॅनिकलची पदवी घेऊन आणि दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये हात काळे करून मी डॉक्टरेटसाठी श्टुटगार्टला गेलो. शहरात खोल्या महाग, शिवाय माझा सावळा चेहरा दारात दिसला की "अहो, आत्ताच गेली खोली" असं ऐकायला मिळायचं. शेवटी बॉबलिंगेनच्या पलीकडच्या एका लहानशा गावात माडीवरची खोली मिळाली. घरात मालक आणि त्यांची बायको, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

मालकांचा धंदा पियानो जुळवण्याचा. घरच्या पत्रांत मी त्यांना 'पियानोवाले' म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. वय पन्नाशीचं, अंगाने आडवे, मान कायम एका बाजूला किंचित कललेली. डावा पाय मांडीपासून नव्हता. "तो रशियात राहिला," असं ते सांगायचे, बसमध्ये छत्री राहावी तसं. उजव्या हाताच्या कोपराखाली बॉम्बचा एक बारीक कपचा आत तसाच राहिलेला होता. तिथली कातडी निळसर दिसायची आणि थंडीत तो हात ठणकायचा.

पण तोच हात त्यांचं पोट भरत होता. पियानोला दोनशेच्या वर खुंट्या असतात, तंबोऱ्याला असतात तशाच, पण लोखंडी आणि लाकडात गच्च ठोकलेल्या. त्या पान्याने फिरवायच्या, आणि त्याही केसभर. मी एकदा करून पाहिलं. मला वाटलं खुंटी हललीच नाही, आणि तोवर सूर पार बिघडला होता. ते हसले. म्हणाले, "हेर इंजिनिअर, हे डोक्याचं काम नाही. हाताला कळावं लागतं." 'हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'.

त्यांची फेरी डोंगराकडच्या खेड्यांत असायची. शाळा, चर्च, शनिवारी नाच चालतो अशा खानावळी. दहा वर्षं त्यांचे मेहुणे त्यांना आपल्या व्हॅनमधून न्यायचे. त्या वसंतात मेहुण्यांनी व्हॅन विकली आणि ते मुलीकडे बॉनला राहायला गेले. बस दिवसातून दोन. थांब्यापासून चर्चपर्यंतचा चढ लाकडी पायाने, हत्यारांची पेटी घेऊन चढायचा. पहिल्याच महिन्यात ते दोनदा पडले. मग शाळांकडून पत्र आलं. वर्षाचा करार डिसेंबरात व्हायचा होता. स्वतःचं वाहन असेल तर काम तुमचं, नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवला आहे. दुसरा माणूस म्हणजे मोटरसायकलवर फिरणारा एक तरणाबांड गडी होता.

तयार मोटार आवाक्याबाहेरची, आणि तिच्यात क्लच डाव्या पायाने दाबायचा. तेव्हा पियानोवाल्यांनी मासिकातली एक जाहिरात कापून आणली. मोटारीचे सुटे भाग पेटीतून घरी येतात, आपण जोडायचे. नळ्यांचा सांगाडा, चाकं, पुढची काच, प्लायवूडचा तळ आणि वर फायबरची हलकी बॉडी. इंजिन आपलं आपण मिळवायचं, मोटरसायकलचं एका सिलिंडरचं चालतं. घरीच जोडायची म्हटल्यावर क्लच पायाऐवजी हातावर घेता येईल, असा त्यांचा विचार. "आणि इंजिनिअर तर माडीवर बसलेलाच आहे," असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मला इतकं भरून आलं की थिसिस वगैरे सगळं मी विसरून गेलो. त्या देशात मला पहिल्यांदाच कुणीतरी गरज म्हणून हाक मारली होती.

जुलैत मालगाडीने पेटी आली. मागच्या अंगणात कपडे धुण्याची एक दगडी खोली होती, तिथे आम्ही संसार थाटला. बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. "दोन पायांची माणसंसुद्धा मोटारीत मरतात," एवढं बोलून त्यांनी धुण्याची कढई एका कोपऱ्यात सरकवली आणि आम्हाला जागा करून दिली. पेटीतल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की दोन कुशल माणसांना शंभर तास पुरतात. आमचे शंभर तास चाकं बसेपर्यंतच संपले. सांगाड्याला पाडलेली भोकं आणि बॉडीला पाडलेली भोकं यांचं आपसात पटत नव्हतं. आम्ही कानस घेऊन दोन आठवडे त्यांची समजूत घालत बसलो.

क्लचची सगळी रचना माझी. ती इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गिअरच्या दांड्याला मी सायकलच्या ब्रेकसारखा एक लिव्हर लावला. उजव्या मुठीत दांडा, बोटांत लिव्हर. लिव्हर आवळला की तार ओढली जायची आणि क्लच सुटायचा. त्या तारेचं आवरण खाली गिअरबॉक्सला एका लोखंडी पट्टीने धरून ठेवलं होतं, आणि पट्टी दोन बोल्टांवर होती. पट्टी जागची हलली तर वर लिव्हर कितीही आवळा, खाली काही होणार नाही. गाडी रस्त्यावर आणण्याआधी या सगळ्याचं ड्रॉइंग तपासणीसाठी द्यावं लागतं आणि त्यावर इंजिनिअरची सही लागते. ती मी केली. पदवीसकट, झोकदार. इंजिनिअर म्हणून आयुष्यातली माझी पहिली सही.

इंजिन भंगारातून आणलं होतं. ते तीन शनिवार सुरू झालं नाही. मी कार्ब्युरेटर चार वेळा खोलला, प्लग बदलला, शेवटी पेट्रोललाच नावं ठेवली. पियानोवाले स्टुलावर डोळे मिटून बसलेले. मी किक मारतोय, इंजिन खोकतंय आणि गप्प बसतंय. मग ते म्हणाले, "हे वेळेआधी खोकतंय." मी म्हटलं ठिणगीच्या वेळेची खूण बरोबर जुळवली आहे, पुस्तकात आहे तशीच. वाकून त्यांनी इग्निशनची चकती बोटांनी केसभर मागे फिरवली आणि मला मानेने खूण केली. पहिल्या किकला इंजिन लागलं. धुराने खोली भरून गेली, बाई धावत आल्या, पियानोवाले लहान मुलासारखे मांडीवर थाप मारत होते. मला मात्र आनंदाआधी राग आला. पदवी माझी, आणि खूण चुकीची आहे हे ऐकू त्यांना आलं.

मग एकामागून एक दुखणी निघाली. दहा मिनिटं चालून गाडी बंद पडायची. जुन्या टाकीतला गंज बारीक होऊन पेट्रोलच्या नळीत बसत होता. टाकीत खडे घालून ती हलवून हलवून आमचे खांदे भरून आले. ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढायची, कारण उजव्या चाकाच्या ड्रममध्ये ग्रीस उतरलं होतं. साखळी दोनदा उडाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थरथर. एका सिलिंडरचं ते इंजिन असं थरथरायचं की आज आवळलेला बोल्ट उद्या सैल.

यावर पियानोवाल्यांची स्वतःची एक पद्धत होती. पियानोची नवी तार पहिल्या दिवशी कधी खरं बोलत नाही, असं ते म्हणायचे. ती ताणायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावून बघायची. मोटारीलाही त्यांनी तोच नियम लावला. मी आवळलेला प्रत्येक बोल्ट दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाना लावून बघायचे, जमिनीवर आडवे होऊन, लाकडी पाय बाजूला काढून ठेवून. मला ते अविश्वासासारखं वाटायचं. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. लोखंडावर आहे."

तपासणीची टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, मिळाली ती नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळची. गाडीची तपासणी आणि परवान्यासाठी त्यांची चालवण्याची परीक्षा एकाच वेळी होणार होती. त्यानंतरची तारीख थेट जानेवारीत, म्हणजे करार हातचा गेल्यावर.

आदल्या शनिवारी दुपारी तार थोडी लांबवायची म्हणून मी ती पट्टी सोडवली. पुन्हा लावताना एक बोल्ट बोटांतून निसटला, घरंगळत गेला आणि धुण्याच्या खोलीच्या गटाराच्या जाळीतून खाली पडला. आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट. पण शनिवारी दुपारनंतर तिथली दुकानं जी बंद होतात ती सोमवारपर्यंत. शेजारी कुणाकडे तरी मिळाला असता. शेतकऱ्यांच्या घरोघरी असे बोल्ट डब्यांनी असतात. पण मागायला जायचं म्हणजे आपल्या हातून पडला हे सांगायचं. पियानोवाले तेव्हा घरात कॉफी घेत होते.

माझ्या ट्रंकेत बोल्टांचा एक डबा होता. पुण्याच्या वर्कशॉपमधून निघताना तिथल्या मिस्त्रींनी दिलेला, परदेशात कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून. आमच्याकडे तोवर सगळा इंचांचा कारभार. इंचाचे आठ सूत, आणि अर्धं वर्कशॉप सुतातच बोलायचं. मग सरकारने मीटर-मिलिमीटर आणले, तेव्हा मिस्त्री आम्हा पोरांना हसून म्हणायचे, "अडीच सूत म्हणजेच तुमचे आठ मिलिमीटर. कागद बदलला म्हणून लोखंड बदलतं का?" जाडी खरोखर जवळजवळ तेवढीच. आटे मात्र वेगळे. इंचाच्या बोल्टाचे आटे मिलिमीटरच्या भोकात बसत नाहीत, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण पुण्यात आम्ही ते बसवायचो. घुसवायचो म्हणा. आणि तिथे ते चालायचंही, कारण जे सुटायचं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायला आम्ही जागेवर असायचो.

तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बोल्ट दोन आटे सरळ गेला, तिसऱ्याला अडला. मी पान्यावर वजन टाकलं. गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते कुरकुरलं आणि बोल्टाने स्वतःची वाट कापली. शेवटी घट्ट बसला. इतका घट्ट की मलाच बरं वाटलं.

रविवारी नेहमीप्रमाणे पियानोवाले गाडीखाली शिरले. एकेक बोल्ट बघत आले आणि तिथे थांबले. "हा वेगळा लागतो," ते खालून म्हणाले. "पाना सैल बसतो. आणि पट्टीला खेचत नाही. नुसता घट्ट आहे."

"मी काल आवळला आहे तो," मी म्हणालो.

"हो, हो. पण खेचत नाही. बदलू या का?"

"दुकानं बंद आहेत. आणि तुम्ही पियानो जुळवता, मी इंजिनिअर आहे." हे मी हसत म्हणालो नाही. तीन शनिवारांचा तो इग्निशनचा राग अजून माझ्या पोटात होता.

मग ते म्हणाले, "यावोल, हेर इंजिनिअर," फौजेत साहेबाला 'जी' म्हणतात तसं. आणि पुढच्या बोल्टाकडे सरकले.

सोमवारी तपासणी केंद्रापर्यंत गाडी मीच नेली, नंबरच्या लाल तात्पुरत्या पाट्या लावून. बारा किलोमीटर. क्लच लोण्यासारखा चालत होता, आणि प्रत्येक वेळी लिव्हर आवळताना मी मनात म्हणत होतो, बघा, काही झालं का? शेजारी पियानोवाले कोट-टाय घालून बसले होते. त्यांनी केस कापून घेतले होते.

तपासनीस करड्या कोटातला सडपातळ माणूस होता, बोलायला अतिशय सभ्य. दिवे, ब्रेक, स्टिअरिंग सगळं त्याने बघितलं. माझं ड्रॉइंग बघून "सुंदर" म्हणाला. वैद्यकीय दाखला वाचला. पाय नाही, उजव्या हातात कपचा. मग पियानोवाल्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, चला. मी अंगणात उभा राहिलो. त्या अंगणाला उतार होता, खाली विटांची भिंत. दोन फेऱ्या झाल्या. पियानोवाले गिअर असे बदलत होते की ऐकूसुद्धा येत नव्हतं. उतारावर थांबणं, पुन्हा निघणं, सगळं सुरेख. मला अभिमानाने रडू येईल असं वाटत होतं.

तिसऱ्या फेरीला तपासनीस म्हणाला असेल, त्या पांढऱ्या रेघेवर थांबवा. मी त्यांची बोटं आवळलेली पाहिली. मुठीतला लिव्हर दांड्याला पूर्ण टेकलेला पाहिला. इंजिन मात्र चाकांना ओढतच राहिलं. ब्रेक किंचाळले, गाडी हिसके देत उतरली आणि भिंतीवर जाऊन आदळली. फार जोरात नाही. पण तपासनिसाचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं आणि भुवई फाटली. तो उतरला तेव्हा अर्धा चेहरा लाल होता.

त्याला आत नेलं. पियानोवाले जागेवरच बसून होते. "लिव्हर रिकामा गेला," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मी आवळला. तो रिकामा गेला." थोड्या वेळाने तपासनीस डोक्याला पट्टी बांधून परत आला. चिडलेला नव्हता. मला म्हणाला, "हेर इंजिनिअर, मला आत्ता वाकता येणार नाही. तुमची रचना आहे, तुम्हीच खाली बघून सांगा."

मी गाडीखाली शिरलो. पट्टी एका बोल्टावर लोंबत होती. माझा बोल्ट भोकातून निम्मा बाहेर, त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचा चुरा भरलेला. तिथे पडल्या पडल्या मला माझी सही दिसली, त्या माणसाचं रक्त दिसलं, पुढच्या महिन्यात परदेशी लोकांच्या कचेरीत व्हिसाचा शिक्का घ्यायला जायचं होतं ते आठवलं. प्रोफेसर काय म्हणतील, घरी काय कळवायचं. हे सगळं मनात यायला एक श्वास पुरला. मी पट्टी हाताने जागेवर ढकलली. माझा बोल्ट अंगठ्याने आत दाबला. खिशात पाना होता, त्याने दुसरा, चांगला बोल्ट होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. खाली सांडलेला चुरा रुमालाने टिपून घेतला. इतका नीटनेटका मी त्याआधी कधी नव्हतो.

बाहेर येऊन मी म्हणालो, "काही नाही. सगळं जागेवर आहे."

तपासनिसाने खिडकीतून हात घालून लिव्हर आवळून पाहिला. घट्ट होता. मग तो पियानोवाल्यांना म्हणाला, "तुम्ही बघा." त्यांनी आवळला. सोडला. पुन्हा आवळला. तीनदा. मग लिव्हर सोडून त्यांनी स्वतःचा हात पाहिला, उलटा करून, सुलटा करून.

कागदावर आलं ते असं. वाहनात बिघाड आढळला नाही. चालकाच्या उजव्या हाताची पकड जुन्या दुखापतीमुळे भरवशाची नाही, परवाना देता येत नाही. ट्रॅक्टरला बांधून गाडी घरी आणली. मंगळवारी मी दुकानातून आठचा बोल्ट आणला, फाटलेलं भोक आरपार पाडून मागून नट लावला, आणि तो अडीच सुताचा बोल्ट विद्यापीठात जाताना आगगाडीच्या खिडकीतून फेकून दिला. पियानोवाले त्या दिवशी धुण्याच्या खोलीत आलेच नाहीत. पुढे आठवड्याभराने ती मोटार त्यांनी गावातल्या एका पाववाल्याला दिली. ती बरीच वर्षं चालली म्हणे, क्लचची कधी तक्रार आली नाही.

डिसेंबरात करार मोटरसायकलवाल्याकडे गेला. ते होणारच होतं. पण जे झालं ते तेवढ्यावर थांबलं नाही. एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर पियानोवाल्यांनी मला विचारलं, "तुम्ही बाहेर उभे होतात. माझा हात सुटताना तुम्हाला दिसला का?" कॉफीचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मी म्हणालो, "मला वाटतं, सुटला." ते म्हणाले, "आल्झो," म्हणजे असं आहे तर. मग बराच वेळ पावाला लोणी लावत राहिले. "मला कळलंसुद्धा नाही. म्हणजे हाताला कळायचं बंद झालंय."

त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांनी धरू लागले. कप, किल्ली, दाराची मूठ. पाव कापायचं काम बाईंनी घेतलं. गावातली शाळा पायी जाण्याइतकी जवळ होती, तिथला पियानो तरी जुळवा असं हेडमास्तर सांगायला आले, तर त्यांनी नकार दिला. "मी आता खुंटीची खात्री देऊ शकत नाही. तार तुटून पोराच्या डोळ्यात गेली तर?" चर्चलाही तेच सांगितलं. घरातल्या पियानोचं झाकण बंद झालं. वसंत येईतो ते एका फॅक्टरीच्या फाटकावर कामगारांचे पास बघायला बसू लागले. तिथे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसता यायचं. मी तीनदा सांगायचं ठरवून माडीवरून उतरलो. तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परत वर गेलो. भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

एप्रिलमध्ये मी श्टुटगार्टच्या वसतिगृहात जायचं ठरवलं. कारण अभ्यासाचं दिलं. खरं म्हणजे ते दोन हातांत धरलेले कप मला बघवत नव्हते. निघायच्या दिवशी दुपारी पियानोवाले कामावर होते. मी पेटी बांधून खाली आलो तर बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"तुमच्याकडे एक मागायचं आहे," त्या म्हणाल्या. "ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात, तुम्ही शिकलेले आहात. त्यांना एक पत्र लिहा. लिहा की तुम्ही नंतर विचार केला, हिशोब केला, आणि दोष मशिनचा होता, हाताचा नव्हता. काहीतरी कारण घाला, एखादा बोल्ट वगैरे. खोटं आहे हे मला माहीत आहे. पण तेवढ्याने ते पुन्हा पियानो उघडतील."

खरं सांगायला याहून सोपी वाट कुणी कुणाला दिली नसेल. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण ते पत्र त्यांच्या हातात पडलं की त्यांना तो रविवार आठवणार, तो सैल बसणारा पाना आठवणार, आणि एका क्षणात सगळं कळणार, हे मला दिसत होतं.

"मला ते जमणार नाही," मी म्हणालो. "मी त्यांच्याशी खोटं बोलू शकत नाही."

बाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. "गेनाऊ, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तुम्ही सरळ माणूस आहात, मीच नको ते मागितलं." मग त्यांनी वाटेत खायला पाव आणि दोन उकडलेली अंडी कागदात बांधून दिली, आणि माझी पेटी उचलू लागायला फाटकापर्यंत आल्या.